पोलिश भाषेचे आद्य लेख व त्यांचे दैव

पोलंड देशाचे नाव महाराष्ट्रीय वाचकांस अगदीच परके नाही. दुसऱ्या महायुद्धात पूर्व पोलंडातून सायबेरियाकडे हद्दपार झालेली व पुढे इराणमार्गे हिंदुस्थानात आलेली सुमारे पाच हजार पोलिश माणसे इ.स. १९४३ ते १९४८ पर्यंत कोल्हापूरनजीक वळिवडे येथे वस्ती करून होती. त्यांत बायकामुलांचाच भरणा अधिक होता. त्या वसाहतीविषयी आपल्याकडे बरेच लिहून झाले आहे. परंतु ज्या लोकांनी परमुलखात राहूनही आपल्या भाषेच्या शाळा मोडू दिल्या नाहीत, त्यांच्या भाषेचे जुने लेख कोणते, ते कोठे सापडले व त्यांचे पुढे काय झाले, याची हकीकत मराठीत फारशी आढळत नाही. हस्तलिखितांचा संग्रह करणाऱ्या आमच्या वाचकांस ती उद्बोधक वाटेल व थोडी अस्वस्थही करील, अशा समजुतीने ती येथे देण्याचे योजिले आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. इ.स. ९६६ मध्ये ड्यूक म्येश्को याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्या धर्माबरोबर लॅटिन भाषा व लिपी पोलंडात आली. त्यानंतर कित्येक शतके जे काही लिहिले गेले ते लॅटिनमध्ये. धर्म लॅटिनमध्ये, दानपत्र लॅटिनमध्ये, बखर लॅटिनमध्ये. घरात, शेतात व बाजारात बोलावयाची ती पोलिश. संस्कृत आणि देशभाषा यांचा संबंध ज्यांस ठाऊक आहे त्यांस ही स्थिती निराळी समजावून सांगण्याचे कारण नाही. आपल्याकडील संस्कृत ताम्रपटात चतुःसीमा सांगण्याची वेळ आली म्हणजे जशी ओढ्याओहोळांची व शेतांची देशी नावे मध्येच डोकावतात, तसेच तेथेही झाले. इ.स. ११३६ मध्ये दुसरा इनोसंट या पोपाने ग्नियेझ्नो येथील धर्मपीठास जे आज्ञापत्र दिले, त्यात त्या पीठाच्या गावांची व कुळांची मिळून चारशेंवर पोलिश नावे आली आहेत. वाक्य एकही नाही, केवळ नावे. तरीही आलेक्सांडर ब्र्युक्नर या पंडिताने त्या पत्रास पोलिश भाषेचे सुवर्णपत्र म्हटले, ते यथार्थ होय. कारण त्या नावांवरून बाराव्या शतकातील उच्चार व प्रत्यय यांचा निर्णय करता येतो.

पहिले वाक्य मिळते ते याहून सुमारे एकशेतीस वर्षांनी, आणि ते ज्या ग्रंथात मिळते तो ग्रंथ काव्याचाही नव्हे व धर्माचाही नव्हे. आमच्या दप्तरांच्या परिभाषेत सांगावयाचे तर तो एक करीना आहे. सायलीशिया प्रांतात हेन्रिकूफ म्हणून एक गाव आहे. तेथे इ.स. १२२७ मध्ये सिस्टर्शियन पंथाच्या साधूंचा मठ स्थापन झाला. इ.स. १२४१ च्या मोंगलांच्या स्वारीत तो जळाला. साधूंनी तो पुन्हा उभा केला खरा, परंतु त्यानंतर एक निराळेच संकट उपस्थित झाले. पोलंडच्या तत्कालीन रिवाजाप्रमाणे वडिलार्जित जमीन कोणी विकली अथवा दान दिली तरी तिच्यावरील भाऊबंदांचा हक्क सहजासहजी नष्ट होत नसे. विकणाऱ्याचा पुत्र किंवा पौत्र पुढे उभा राहून ती परत मागू शके. मठास जमिनी देणारे लोक मरून गेले होते, त्यांचे वंशज दाव्यास येऊ लागले होते, आणि जुने जाणते साधूही एकेक करून जात होते. तेव्हा पीटर नावाच्या मठाधिपतीने इ.स. १२६८ ते १२७३ च्या सुमारास, मठाकडे कोणती जमीन कोणाकडून, कोणत्या निमित्ताने व किती मोबदल्यात आली, हे सर्व लॅटिनमध्ये लिहून काढले. पुढील साधूंनी वादीस उत्तर कसे द्यावे, हा त्याचा हेतू. वतनाच्या तंट्यात आमच्याकडे गोतसभेपुढे पिढ्यांचा जो पाढा वाचला जाई, त्याच जातीचे हे लिखाण होय. माहितीचे साधनही तेच, म्हणजे म्हाताऱ्या माणसांची आठवण. मठाच्या अन्नावर राहणारा क्वेचिक नावाचा एक पांगळा वृद्ध होता. आसपासच्या वतनांची जुनी माहिती त्याच्या तोंडून साधूंस मिळे, असा उल्लेख त्या ग्रंथातच आहे.

आता ते वाक्य. मठाजवळील एका जमिनीचा मूळ इतिहास सांगताना पीटर लिहितो की, उंच बोलेस्वाफ या नावाने प्रसिद्ध असलेल्या ड्यूकच्या अमदानीत, म्हणजे बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात, बोग्वाल नावाचा एक चेक माणूस चाकरीस आला व त्यास तेथे थोडी जमीन मिळाली. त्याने एका पाद्र्याची मुलगी बायको केली. ती अंगाने जाड व रीतभात नसलेली शेतकरीण होती, असे सांगण्यास मठाधिपती चुकत नाही. त्या दिवसांत त्या बाजूस पाणचक्क्या फार थोड्या असल्याने बाईस वारंवार जात्याशी उभे राहून दळावे लागे. नवऱ्यास तिची दया आली. त्याने तिला, तू विसावा घे, मी दळतो, अशा अर्थाचे शब्द म्हटले आणि तो तिच्याबरोबर पाळीपाळीने दळू लागला. पुरुष दळतो आहे हे पाहून शेजाऱ्यांनी, ते तेव्हा थोडेच होते तरी, त्याचे नाव ‘बोग्वाल ब्रुकाल’ असे ठेवले. त्यावरून त्याच्या वंशास व पुढे त्या वस्तीस ब्रुकालित्से हे नाव पडले. ते गाव आजही हेन्रिकूफजवळ नांदते आहे.

बोग्वालचे हे उद्गार पीटरने प्रथम लॅटिनमध्ये दिले आहेत आणि नंतर ‘म्हणजे पोलिश भाषेत’ असे सांगून मूळ शब्द नोंदविले आहेत. हेच पोलिश भाषेतील उपलब्ध पहिले वाक्य. संहिता बारकाईने पाहणारास येथे एक गंमत दिसेल. लॅटिनमध्ये फक्त ‘मलाही दळू दे’ एवढाच अर्थ आला आहे. ‘तू विसावा घे’ हा भाग केवळ पोलिश शब्दांत आहे. म्हणजे पोलिश वाक्य हे लॅटिनचे भाषांतर नसून, लॅटिन हाच पोलिश उक्तीचा त्रोटक सारांश आहे. टोपणनावाची उपपत्ती सांगावयाची म्हणून पीटरला मूळ शब्द द्यावे लागले. नाही तर तेही लॅटिनमध्येच बुडून गेले असते. गावाच्या नावाची व्युत्पत्ती हा जमिनीच्या मालकीचा पुरावा होता, आणि त्या पुराव्याच्या आधाराने एका भाषेचे पहिले वाक्य तरले.

विशेष हे की, बोलणारा चेक, लिहिणारा मठाधिपती जर्मन असावा, असे अभ्यासक मानतात, ग्रंथ लॅटिन, आणि वाक्य मात्र पोलिश. ज्या राष्ट्राने पुढे भाषेच्या अभिमानापायी इतके सोसले, त्याचे पहिले वाक्य परक्याच्या तोंडचे व परक्याच्या हातचे असावे, याचे पोलिश पंडितांस वैषम्य वाटत नाही. उलट ते कौतुकाने सांगतात. आमच्याकडे जनाबाईबरोबर दळावयास प्रत्यक्ष पांडुरंग बसला, त्यामुळे जात्याची ही कथा मराठी वाचकास विशेष जवळची वाटेल. संस्कृताच्या जुन्या सवयीने येथे एवढेच जोडतो की, जात्यास पोलिश भाषेत जो ‘झार्ना’ हा शब्द आहे तो आणि सोम कुटण्याच्या दगडास वेदात असलेला ‘ग्रावन्’ हा शब्द, हे दोन्ही भाषाशास्त्रज्ञ एकाच मूळ धातूपासून निघाल्याचे मानतात. हा ग्रंथ आज व्रोत्सवाफ येथील धर्मपीठाच्या संग्रहालयात असून, इ.स. २०१५ मध्ये युनेस्कोने त्याची गणना जागतिक स्मृतिलेखांत केली.

वाक्यानंतर ग्रंथ. सलग पोलिश गद्याचा सर्वांत जुना उपलब्ध नमुना म्हणजे ‘पवित्र क्रूसाची प्रवचने’ या नावाने ओळखला जाणारा लेख. तेराव्या शतकाची अखेर किंवा चौदाव्याचा आरंभ, असा त्याच्या हस्ताक्षराचा काळ ठरविला आहे. रचना त्याहून जुनी असावी. एक प्रवचन पूर्ण व पाचांचे तुकडे, एवढेच हाती आहे. परंतु तो सापडला कसा, हे पाहण्यासारखे आहे. वर उल्लेखिलेले ब्र्युक्नर हे इ.स. १८५६ मध्ये तार्नोपोल येथे जन्मलेले पोलिश पंडित बर्लिनच्या विद्यापीठात स्लाव भाषांचे अध्यापक होते. त्या वेळी पोलंड नावाचे राज्य भूगोलात नव्हते. इ.स. १७७२, १७९३ व १७९५ अशा तीन वाटण्यांत रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया यांनी ते सबंध गिळले होते, व पोलिश ग्रंथांचा मोठा ठेवा रशियाची राजधानी सेंट पीटर्सबर्ग येथे जाऊन पडला होता. तेथील ग्रंथालयात इ.स. १८९० मध्ये ब्र्युक्नर एक पंधराव्या शतकातील लॅटिन पोथी चाळीत होते. ही पोथी पूर्वी वीसा गुरा डोंगरावरील पवित्र क्रूसाच्या मठात होती. तिच्या बांधणीत, दोऱ्याने पाने फाटू नयेत म्हणून चर्मपत्राच्या अरुंद पट्ट्या घातलेल्या त्यांस दिसल्या. त्या पट्ट्यांवर अक्षरे होती. आणि ती अक्षरे पोलिश होती.

पंधराव्या शतकातील बांधणाऱ्यास ते जुने चर्मपत्र निरुपयोगी वाटले. भाषा जुनाट, लेखन संक्षेपांनी भरलेले, वाचणारा कोणी उरला नसावा. त्याने पाने उभी-आडवी कापली आणि अठरा पट्ट्या करून आपल्या कामास लावल्या. कितीएक ओळी कात्रीत गेल्या. परंतु त्याने त्या कापल्या नसत्या तर सबंध पानेच कोठे तरी नाहीशी झाली असती, हेही तितकेच खरे. ज्यास आपण विध्वंसक म्हणावे तोच येथे रक्षक ठरला. ब्र्युक्नरांनी त्या पट्ट्या जुळवून, वाचून, दुसऱ्याच वर्षी त्यांचा पाठ प्रसिद्ध केला.

हा वृत्तान्त आम्ही प्रथम वाचला तेव्हा आम्हांस स्वतःचे एक कृत्य आठवून फार लाज वाटली. पुष्कळ वर्षांपूर्वी एका जुन्या घरातून आर्या-पदांचे एक बाड आमच्याकडे आले. त्याचे पुठ्ठे कसरीने खाल्लेले होते. रद्दी कागद खळीने एकावर एक चिकटवून केलेले ते पुठ्ठे. आम्ही ते काढून टाकले, नवे स्वच्छ पुठ्ठे घातले आणि मोठे काम केल्याच्या समाधानात राहिलो. काढलेल्या पुठ्ठ्याच्या एका फाटक्या कोपऱ्यात मोडीची दोन-तीन अक्षरे दिसली होती, हे आम्हांस आजही स्पष्ट आठवते. ती पाहून आम्ही थांबलो नाही. ते पुठ्ठे बंबात गेले. बाडातील पदे तर नंतर दुसऱ्या दोन ठिकाणी मिळाली. पुठ्ठ्यात काय होते ते आता ब्रह्मदेवासही सांगता येणार नाही. आमच्या वाचकांपैकी जे पोथ्यांची डागडुजी करतात त्यांस विनंती की, पुठ्ठा, पोथीचे जुने वेष्टन व पाठीस लावलेला कागद यांपैकी काहीही टाकण्यापूर्वी ते उजेडात धरून पाहावे.

बाडाचा विषय निघाला म्हणून पोलंडातील एका चमत्कारिक लेखनप्रकाराविषयी सांगतो. सोळाव्या शतकापासून अठराव्यापर्यंत तेथील सरदार-जमीनदारांच्या घरोघरी एक जाड हस्तलिखित वही असे. तिला लॅटिन नावाने ‘सिल्वा रेरुम’, म्हणजे ‘वस्तूंचे अरण्य’, असे म्हणत. आणि नाव अगदी सार्थ आहे. राजसभेतील भाषणे, आल्या-गेल्या पत्रांच्या नकला, विवाहप्रसंगी व प्रेतसंस्काराच्या वेळी म्हणावयाची भाषणे, कविता, चेष्टेची पदे, औषधे, जन्ममृत्यूंच्या नोंदी असे जे हाती येईल ते तीत उतरून घ्यावयाचे. बापामागे मुलाने व मुलामागे नातवाने तेच पुढे चालवावयाचे. छपाई देशात येऊन दीडशेंवर वर्षे झाली असतानाही सतराव्या शतकातील पुष्कळ वाङ्मय न छापता या वह्यांतूनच फिरत होते. वात्स्वाफ पोतोत्स्की या कवीने खोचिमच्या युद्धावर सुमारे इ.स. १६७० मध्ये रचलेले महाकाव्य छापून निघाले ते इ.स. १८५० मध्ये! यान पासेक या स्वार-गृहस्थाच्या आठवणी तर आज पोलिश गद्याचे भूषण मानल्या जातात. स्वीडिश लोकांशी लढाया, डेन्मार्कची मोहीम, शेजाऱ्यांशी कज्जे, पाळलेले पाणमांजर, असा त्यात सर्व संसार आहे. त्यांची मूळ प्रत नाही. अठराव्या शतकातील एक नक्कल आहे, तिचाही आरंभ व शेवट गहाळ. छापील प्रत इ.स. १८३६ मध्ये पोझ्नान येथे निघाली. ज्यांनी आमच्याकडील बाडे हाताळली आहेत त्यांस, एका पानावर अभंग, दुसऱ्यावर बाळंतकाढा व तिसऱ्यावर सावकाराची बाकी, हा मेळ नवा नाही. फरक इतकाच की, तेथे या वह्यांवर स्वतंत्र शास्त्र उभे राहिले आहे. आम्ही अद्याप बाडातील ‘महत्त्वाचे’ तेवढे उतरून घेतो व उरलेले तसेच टाकतो.

आता सर्वांत दुःखाचा भाग. अठराव्या शतकात आंद्झेय व युझेफ झाऊस्की या नावाचे दोघे भाऊ होऊन गेले. एक क्राकोवचा बिशप, दुसरा कीवचा. दोघांसही ग्रंथांचे विलक्षण वेड. युझेफने मठामठांतून फिरून, मागून, विकत घेऊन, अदलाबदल करून ग्रंथ व हस्तलिखिते जमविली; आणि इ.स. १७४७ मध्ये दोघांनी वॉर्सा येथे तो सर्व संग्रह लोकांस वाचण्यासाठी खुला केला. तो वाढत वाढत सुमारे चार लक्षांवर गेला व त्या काळच्या युरोपातील थोर ग्रंथालयांत गणला गेला. वाचकांनी ग्रंथ चोरण्याचा त्रास इतका झाला की, पुस्तकचोरास बहिष्कृत करण्याची धमकी देणारे आज्ञापत्र पोप चौदावा बेनेडिक्ट याजकडून आणावे लागले. पोथी मूर्खाच्या हाती देऊ नये, असे विनविणारे श्लोक लिहिणाऱ्या आमच्या लेखकांस हा उपाय सुचला नाही! पुढे इ.स. १७६७ मध्ये रशियाच्या वकिलाशी विरोध केल्यामुळे युझेफला पकडून कालुगा येथे नेऊन ठेवले. तेथे जवळ ग्रंथ नसता त्या वृद्धाने स्मरणावर भिस्त ठेवून पोलिश ग्रंथकारांची सूची पद्यात रचली. इ.स. १७७३ मध्ये तो सुटला व दुसऱ्याच वर्षी वारला.

इ.स. १७९४ मध्ये कोश्चुश्कोचे बंड मोडल्यावर राणी कॅथरीनच्या आज्ञेने हा सर्व संग्रह पेट्यांत भरून सेंट पीटर्सबर्गला नेण्यात आला आणि तेथील शाही ग्रंथालयाचा पाया त्यावर घातला गेला. पोलंड इ.स. १९१८ मध्ये पुन्हा स्वतंत्र झाले. इ.स. १९२१ च्या रीगा येथील तहात ग्रंथ परत करण्याचे कलम पोलिश मुत्सद्द्यांनी घालून घेतले, व त्याप्रमाणे हस्तलिखिते टप्प्याटप्प्याने वॉर्सास परत आली. पवित्र क्रूसाच्या पट्ट्याही त्यातच आल्या. सव्वाशे वर्षांनी घरी आलेल्या त्या पेट्या उघडताना तेथील ग्रंथपालांस काय वाटले असेल, याची कल्पना आमचे वाचक करू शकतील.

आनंद अल्पकाळ टिकला. इ.स. १९३९ मध्ये जर्मनीने पोलंड व्यापले. पुढे जर्मन अधिकाऱ्यांनी शहरातील निरनिराळ्या संग्रहांतली हस्तलिखिते व जुने छापील ग्रंथ ओकूल्निक रस्त्यावरील क्रासिन्स्की ग्रंथालयाच्या इमारतीत एकत्र केले. इ.स. १९४४ च्या ऑगस्टात वॉर्सात उठाव झाला. तो दोन महिन्यांनी शरण आला. शरणागतीच्या तहानंतर, म्हणजे लढाई संपल्यावर, ऑक्टोबरात जर्मन जाळपोळ पथकांनी ती इमारत ग्रंथांसह पेटवून दिली. झाऊस्की बंधूंनी जमविलेला, कॅथरीनने नेलेला व रीगाच्या तहाने परत आणलेला हस्तलिखितसंग्रह बहुतेक सर्व त्यात गेला. जी इमारत जळाली तिच्यातील थोडी राख पात्रात घालून राष्ट्रीय ग्रंथालयाने जपून ठेवली आहे. ओसाड केलेल्या त्या शहरात, ठरावीक परवान्यावर, प्रुश्कूफहून रोज गाड्या घेऊन जाऊन उरलेसुरले ग्रंथ ढिगाऱ्यांतून काढणारे पोलिश ग्रंथपाल व संग्रहालयाचे लोकही होते. जे थोडे वाचले त्यात त्यांच्या श्रमाचा वाटा मोठा आहे.

यावरून कित्येकांचे मत असे होते की, हस्तलिखिते एका ठिकाणी गोळा करणे हेच चुकीचे. घरोघरी असती तर काही तरी उरली असती. आम्हांस हे पूर्णांशाने पटत नाही. घरोघरी असलेल्या किती सिल्वा कसरीने व ओलीने गेल्या, त्यांची तर राखही नाही. खरी गोष्ट अशी की, झाऊस्की संग्रहातील ज्या लेखांच्या नकला होत्या ते लेख आज आहेत. ब्र्युक्नर व त्यांच्या पिढीतील इतर पंडित यांनी पीटर्सबर्गात बसून उतरून घेतलेले व छापलेले कित्येक जुने पोलिश पाठ आज केवळ त्यांच्या छापील पुस्तकांतच पाहावयास मिळतात. ज्यावरून ते घेतले ते मूळ जळाले. त्या नकला करताना ब्र्युक्नरांचे वाचन घाईचे होते, काही ठिकाणी चुकले, असे आक्षेप नंतरच्यांनी घेतले आहेत. ते खरे असतील. परंतु तपासून पाहण्यास मूळ उरले नाही आणि घाईने केलेली नक्कल उरली आहे. ब्र्युक्नर स्वतः इ.स. १९३९ मध्ये बर्लिन येथे वारले. हा अग्नी त्यांस पाहावा लागला नाही.

अठरा पट्ट्या मात्र वाचल्या. युद्धाच्या आरंभी क्राकोवच्या राजवाड्यातील मौल्यवान पडद्यांबरोबर देशाबाहेर ज्या निवडक वस्तू काढल्या, त्यात पट्ट्याही होत्या. रुमानिया, फ्रान्स व इंग्लंड असा प्रवास करीत त्या इ.स. १९४० मध्ये कॅनडात पोहोचल्या, आणि युद्धोत्तर राजकारणामुळे तेथेच अडकून पडून इ.स. १९५९ मध्ये वॉर्सास परत आल्या. इ.स. २०२४ पासून राष्ट्रीय ग्रंथालयाने क्रासिन्स्की राजवाड्यात आपली दुर्मिळ हस्तलिखिते लोकांस पाहण्यासाठी मांडली आहेत. ज्या वाचकांस वॉर्सास जाणे शक्य नाही त्यांनी त्या ग्रंथालयाच्या ‘पोलोना’ नावाच्या संगणकीय भांडारात प्रवचनांची छायाचित्रे पाहावी. तेथे कात्रीच्या कडेवर अर्धी कापली गेलेली अक्षरेही दिसतात.